वाकड्या रेघेचा झेंडा

मी, खाली सही करणारी, निवृत्त चित्रकला शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, शाळेच्या मागच्या गल्लीत स्टेशनरीच्या दुकानावरील दोन खोल्यांत राहणारी, जिला या भागातल्या मुलांच्या तीन पिढ्या रेघबाई म्हणत आल्या आहेत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते, ते असे की:

माझे शरीर वयाच्या मानाने धडधाकट आहे. मन ठिकाणावर आहे, पण ते हादरलेले आहे आणि अजून सावरलेले नाही. मी जिवंत आहे. हे शेवटचे वाक्य मृत्युपत्रात लागत नाही असे माझे वकील म्हणतात. वकील माझेच विद्यार्थी. शाळेत असताना त्यांना सरळ उभा माणूस कधी काढता आला नाही, पण कायदा त्यांना येतो. तरीही ते वाक्य राहू द्यावे. मागच्या मंगळवारी शाळेने मला मृत जाहीर केले, माझ्यासाठी झेंडा अर्ध्यावर आणला, शोकसभा घेतली, आणि त्या शोकसभेला मी हजर होते.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होते. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचा उल्लेख एकदाच होता आणि तो 'सदर बहिणीस काहीही देऊ नये' असा होता. ते वाक्य सगळ्यात आधी रद्द समजावे.

१. शाळेचा झेंडा ही माझी मिळकत नाही हे मला कळते. परंतु तो मी काढला आहे, आणि पुढच्या वर्षापासून तो चकचकीत कापडावर छापून आणावा व 'संगणकावर रेघ सरळ करून घ्यावी' असा ठराव शाळेच्या समितीपुढे पडलेला आहे. म्हणून तो कसा आहे आणि तसा का आहे, हे एकदा कायद्याच्या कागदावर नोंदवून ठेवते. घरादाराचे मागाहून पाहू.

झेंड्याची जमीन काळपट हिरवी. हा पानांचा हिरवा नव्हे, रानाचा नव्हे. हा वर्षानुवर्षे पुसलेल्या फळ्याचा हिरवा आहे. काठीकडच्या वरच्या कोपऱ्यात पिवळा चौकोन आहे, ती खिडकी. शाळा सुरू झाली तेव्हा एकच खोली होती आणि तिला एकच खिडकी होती. ऊन सरकेल तशी मुलं पाट्या घेऊन सरकत. आणि काठीकडून निघालेली पांढरी रेघ. ती थोडी चढते, मध्येच खचते, पुन्हा चढते, आणि पलीकडच्या काठाला पोचण्याआधी वीतभर अलीकडे थांबते. मुलाने पाटीवर पहिल्यांदा ओढलेली रेघ अशीच असते. ती वाकडी असते आणि अर्धवट असते. ज्यांना सरळ रेघ येते त्यांच्यासाठी शाळा कशाला काढायची? म्हणून रेघ सरळ करू नये, आणि उरलेली वीतभर जागा कोणी भरू नये. ती पुढच्या मुलाची आहे.

या रेघेवरूनच माझे आणि धाकटीचे बिनसले. ती याच शाळेत शिवणकाम शिकवत असे. तिच्या हाताला तोड नव्हती आणि तिच्या नाकालाही नव्हती. नाकावर माशी बसू द्यायची नाही. चित्र मी काढले, शिवायला तिच्याकडे दिले. नवी इमारत उघडली त्या दिवशी सगळ्या गावासमोर झेंडा वर गेला, वाऱ्याने उलगडला, आणि मी पाहते तर रेघ आरपार सरळ. या काठापासून त्या काठापर्यंत, पट्टी लावल्यासारखी.

मी म्हणाले, "उतरवा तो."

धाकटी शेजारीच उभी होती. ती हळूच म्हणाली, "ताई, अगं, असली वाकडी पट्टी लावली तर लोक म्हणतील, शिवणाच्या बाईलाच सरळ शिवता येत नाही."

"लोकांसाठी नाही काढला मी. उतरवा."

झेंडा उतरवला. ती तिथल्या तिथे जुन्या मुख्याध्यापकांना म्हणाली, "मग माझं नाव काढा व्हरांड्यातल्या पाटीवरून. हिचं एकटीचंच राहू द्या." त्यांनी तिचे शब्दशः ऐकले. पहिल्या वर्षाची रेघ मी स्वतः उसवून माझ्या हाताने पुन्हा लावली, आणि मला सुईत दोरा ओवायला चष्मा आणि शिव्या दोन्ही लागतात. त्याच वर्षी धाकटी लग्न करून पलीकडच्या गावी गेली. त्यानंतर आम्ही एकमेकींशी बोललो ती आईच्या आजारपणात, आणि तेही औषधांपुरते.

माझे चुकले असे मी इथे लिहिणार नाही. मृत्युपत्रात खोटे लिहू नये. रेघ वाकडीच हवी होती.

२. झेंडा हाताळण्याविषयी. घडी एकट्याने घालू नये. दोघांनी समोरासमोर उभे राहून घालावी, कारण एकाने घातली की कापड जमिनीला लागते. घडीच्या वर खिडकी यावी. झेंडा टेबलावर अंथरू नये, पाहुण्यांच्या गळ्यात घालू नये, काचेत बसवू नये. वर्षअखेरीस तो मुलांनी बसून टाका टाका उसवावा आणि हिरव्या कापडाची डस्टरे करावीत. शाळेच्या झेंड्याचा शेवट फळ्यावरच व्हायला हवा. कोणाला यात अपमान वाटत असेल तर त्याने फळा पुसून पाहावा.

शाळेत शिकलेले किंवा शाळेत राबलेले माणूस गेले, तरच झेंडा अर्ध्यावर आणावा. मंत्रीसंत्र्यांसाठी आणू नये. आणताना तो आधी टोकापर्यंत चढवावा, क्षणभर तिथे ठेवावा, मग अर्ध्यावर आणावा. गेलेल्या माणसाला एकदा पूर्ण उंची द्यावी आणि मगच वाकावे.

मंगळवारी मी चष्म्याची दांडी बसवून घ्यायला निघाले होते. शाळेच्या फाटकाशी आले आणि थबकले. झेंडा काठीच्या मध्यावर होता, आणि उलटा होता. खिडकी खाली जमिनीकडे गेली होती, मांजरासाठी केल्यासारखी. माझा संताप आधी उलटेपणाचा होता हे कबूल केले पाहिजे. कोण गेले हा विचार मागाहून आला. फाटकावरचा पहारेकरी नवा होता, तो मला ओळखत नव्हता.

"कोण वारलं?" मी विचारले.

"चित्रकलेच्या जुन्या बाई," तो म्हणाला. "झेंडा काढलेल्या. फार म्हाताऱ्या होत्या म्हणतात. तुमची ओळख होती का?"

"बऱ्यापैकी."

"मग जा ना आत. सभा चाललीय."

मी आत गेले. सभागृहात शेवटच्या रांगेत, एकावर एक रचलेल्या बाकांशेजारी जागा होती, तिथे बसले. आपण मेलो आहोत असे ऐकल्यावर माणसाने काय करायचे असते हे मला कोणी शिकवले नव्हते. पण ऐकायची उत्सुकता होती. मुख्याध्यापक बोलत होते. ते वयाने माझ्या निम्मे, आणि मी निवृत्त झाल्यावर आलेले. ते म्हणाले, बाई मातेसमान होत्या, मृदुभाषी होत्या, त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मी खडू फेकून मारत असे आणि माझा नेम चांगला होता. समोर बसलेल्या निदान सहा माणसांच्या कपाळाला त्याची आठवण असेल. ती माणसे माना डोलावत होती.

तेवढेही मी पचवले असते. मेल्यावर माणूस चांगलाच होतो. पण मग मुख्याध्यापक म्हणाले, "बाईंच्या झेंड्यातला हिरवा रंग प्रगतीचा, पांढरा शांतीचा, आणि पिवळा..."

मी उभी राहिले. "हिरवा फळ्याचा आहे."

मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मागे कोण बोलतंय?"

"जिची शोकसभा चालली आहे ती."

सगळ्यांच्या माना वळल्या. एक बाई खुर्चीसकट मागे सरकली. मुख्याध्यापकांचा हात कागदावर तसाच राहिला, आणि ते अतिशय अदबीने म्हणाले, "बाई, आपण... आपण जरा बसून घ्या. अजून दोन मिनिटं स्तब्धता व्हायची आहे."

यावर मला हसू आले. सभागृहातले बाकीचेही हसले. फक्त एक माणूस हसला नाही. पहिल्या रांगेत शाळेचे निवृत्त शिपाई बसले होते. आयुष्यभर शाळेची घंटा त्यांनी दिली, म्हणून सगळे त्यांना घंटामामा म्हणतात. ते सभेत एकटेच खरोखर रडत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच दिवा मालवावा तसा विझला. ते उठून माझ्याकडे आले, माझा हात धरला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही इथं. मग गेलं कोण?"

मला तेव्हाही कळले नाही. त्यांना कळले होते. मुख्याध्यापकांनी ठरल्याप्रमाणे दोन मिनिटे स्तब्धता घेतली, आणि मीही उभी राहिले.

३. कार्यालयात लेखनिक मुलगी रडकुंडीला आली होती. सकाळी फोन आला, एक बाई बोलत होत्या, 'शाळेचा झेंडा करणाऱ्या बाई काल गेल्या' एवढेच म्हणाल्या आणि त्यांना पुढे बोलवेना. लेखनिक मुलीने व्हरांड्यातल्या पाटीकडे पाहिले. तिथे 'झेंडा' याखाली एकच नाव आहे. ते माझे. तिचा दोष नाही. मीही तेच केले असते. आलेला क्रमांक तिने पुन्हा लावून दिला.

पलीकडून एक थकलेला आवाज म्हणाला, "शाळेतून का? मी सकाळी नीट सांगू शकले नाही. माफ करा. आईनं बजावून सांगितलं होतं, आधी शाळेला कळव. पुढच्या वर्षाचा झेंडा पुरा होणार नाही, त्यांची अडचण होईल."

मी म्हणाले, "मी मावशी बोलतेय."

माझी भाची म्हणाली, "मावशी. तुला मी दुपारी कळवणारच होते. तुझा नंबर शोधत होते."

"झेंडा कुठला?" मी विचारले. माझी बहीण गेली हे मला कळले होते, आणि मी विचारले ते झेंड्याचे. माणसाचे मन धक्क्यात असे हाताला लागेल ते धरते.

"शाळेचा. दरवर्षी आईच शिवायची ना. तुला माहीत नाही?"

मी माझ्यामागोमाग कार्यालयात आलेल्या घंटामामांकडे पाहिले. ते भिंतीकडे पाहत होते.

इथे सांगायला हवे, की दुसऱ्या वर्षापासून शाळेचा झेंडा एक शिंपी शिवतो अशी माझी समजूत होती. मामांनी तो कुठूनसा शोधून काढला होता. दरवर्षी मामा नवा झेंडा आधी माझ्याकडे आणत. मी निवृत्त झाले, मग तेही झाले, तरी आणत. मी तो टेबलावर पसरून तपासत असे. रेघ माझ्या चित्रात होती तशीच्या तशी. खचते तिथे खचलेली, थांबते तिथे थांबलेली, आणि टाका असा की डोळ्याला दिसू नये. मी सगळ्यांना सांगत असे, माझी रेघ जगात एकाच माणसाला कळली आणि तो हा शिंपी. त्याला मी मामांबरोबर निरोप पाठवत असे: काठ अजून आत घ्या, खिडकीचा कोपरा काटकोनात येऊ द्या. उंटावरून शेळ्या हाकणे मला छान जमते. पुढच्या वर्षी काठ आत आलेला असे. एकदा त्याचा उलटा निरोप आला, "चित्रवाल्या बाईंना म्हणावं, एकदा सुई धरून दाखवा." मला तो आगाऊपणा इतका आवडला की मी त्याला एक चांगली परदेशी कात्री भेट पाठवली.

"मामा," मी म्हणाले, "तो शिंपी?"

"शिंपी नव्हताच, बाई."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून. तुम्ही रेघ लावलेला तो पहिला झेंडा बघून गेल्या धाकट्या बाई. फाटकातूनच बघितला. मला म्हणाल्या, मामा, हे असले टाके शाळेवर फडकतायत, मला अन्न गोड लागायचं नाही. तिला वाकडी रेघ हवी ना, वाकडी देते. पण टाका माझा."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"शपथ घातली होती. म्हणाल्या, ताईला कळलं तर ती चुका काढेल." मामांनी डोळे पुसले. "मी म्हटलं, त्या तशाही काढतातच की."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर वळसाही घातला नाही. घरात बसून तिच्याच हाताचे कौतुक तिचे गुपित जपणाऱ्या माणसाला सांगत राहिले. आणि ते सगळे तिला पोचत होते. तिला माझे कौतुक मिळत होते आणि मला तिचे काम. फक्त आम्ही एकमेकींना मिळत नव्हतो.

घंटामामांनी मला इतकी वर्षे फसवले. त्याबद्दल त्यांना माझी आरामखुर्ची द्यावी. तिच्यात बसून त्यांनी विचार करावा. माझा रेडिओही द्यावा, म्हणजे विचार करून कंटाळा आला तर ऐकता येईल.

४. मी त्याच दुपारी बसने धाकटीच्या गावी गेले. तिचे तोंड मला पाहायला मिळाले नाही. आदल्या दिवशीच सगळे आटोपले होते. हे मला सहन झालेले नाही आणि होणारही नाही. ते कोणत्या कलमात बसते हे वकिलांना सांगता आले नाही.

तिची खोली माझ्या खोलीएवढीच. खिडकीखाली शिवणयंत्र. त्यावर पुढच्या वर्षाचा झेंडा. हिरवी जमीन तयार, खिडकी बसलेली, आणि रेघ नुसत्या कच्च्या टाक्यांनी धरून ठेवलेली. यंत्राशेजारी खिळ्याला माझी कात्री टांगली होती, धार लावलेली. भाची म्हणाली, "ती कोणाला हात लावू द्यायची नाही. म्हणायची, ही गिऱ्हाइकानं दिलीय. फार खडूस गिऱ्हाईक आहे, पण नजर चांगली आहे."

मी यंत्रासमोरच्या स्टुलावर बसले आणि रडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला शोभेल असे ते रडणे नव्हते. भाचीने मला रडू दिले. मग आम्ही दोघींनी समोरासमोर उभे राहून झेंड्याची घडी घातली. माझ्या हातून एक टोक सुटले. "मावशी, धर," ती म्हणाली, अगदी तिच्या आईच्या आवाजात, आणि मी धरले.

सबब माझ्या मालकीच्या दोन खोल्या, त्यांतील भांडीकुंडी, कपाट व पलंग यांसह, माझ्या पश्चात माझ्या या भाचीला मिळाव्यात. ती दवाखान्यात नर्स आहे. टाके तिला कळतात, फक्त आतापर्यंत ते माणसांना घातले जाताना तिने पाहिले आहेत. झेंड्याची रेघ पुरी करायचे तिने आपण होऊन कबूल केले आहे. घर मात्र त्या कामाचा मोबदला नाही. कापड हातात धरायचा तिला कंटाळा आला तरी घर तिचेच.

५. माझ्या भावाच्या मुलाविषयी. मंगळवारी संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले तो जिन्यात माझा हा भाचा उभा. सोबत सुतार, आणि भाच्याच्या हातात मोजमापाची फीत. शाळेतली बातमी त्याला पोचली होती, पण ती मागे घेतल्याची पोचली नव्हती. मला पाहून त्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली.

"आत्या, तू?"

"मी. तू काय मोजतोयस?"

तो सुताराकडे बघत म्हणाला, "काही नाही गं. सहज. दाराची रुंदी."

"मला बाहेर न्यायला लागेल म्हणून?"

सुतार हसला. भाचा हसला नाही. त्याला या घरात काही मिळणार नाही. त्याने त्याबद्दल कोर्टात हक्क सांगू नये. सांगितला तर वरचा संवाद साक्षीदारासह उपलब्ध आहे, सुतार माझाच विद्यार्थी निघाला.

तरीही त्याच्यासाठी मी काम ठेवले आहे. बँकेतील माझी सर्व शिल्लक घंटामामा व वकील यांच्या ताब्यात राहावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी झेंड्याचे कापड व दोरा यावा. जोवर झेंड्याची रेघ वाकडी आणि अपुरी आहे तोवर हे चालावे. ज्या दिवशी शाळा ती सरळ करील किंवा काठापर्यंत नेईल, त्या दिवशी सगळी शिल्लक या भाच्याला जावी. त्याने दरवर्षी आपली ती फीत घेऊन शाळेत जावे आणि काठापाशी वीतभर जागा मोकळी आहे की नाही हे मोजून यावे. शाळेला इतका जागरूक पहारेकरी फुकटात मिळणार नाही. त्याला पैशाची ओढ आहे आणि शाळेला पैसा गमावण्याची भीती. त्या दोहोंच्या मध्ये माझी रेघ सुखरूप राहील असे वाटते.

मुख्याध्यापक शुक्रवारी घरी येऊन गेले. माफी मागितली. मी त्यांना झेंड्याचा अर्थ समजावला, त्यांनी वहीत उतरवून घेतला, आणि निघताना विचारले, "पण बाई, प्रगती कुठेतरी घालता नाही का येणार?" मी खडू शोधत होते, तो सापडला नाही. माणूस वाईट नाही. माझे रंग, कुंचले आणि चित्रांच्या वळकट्या चित्रकलेच्या वर्गाला द्याव्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीत लावू नयेत. खडूची एक पेटी मात्र त्यांना आठवण म्हणून द्यावी.

६. व्हरांड्यातील पाटी. तिच्यावरचे माझे नाव खाली घ्यावे आणि वर धाकटीचे लिहावे. पुढे एवढेच लिहावे: 'रेघ थोरलीची, हात धाकटीचा.' तिने स्वतःचे नाव काढायला सांगितले होते हे खरे. तिचे शब्दशः ऐकायला नको होते. मोठी बहीण म्हणून मी तिचे म्हणणे याच एका बाबतीत धुडकावून लावते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, हे तिला माझ्याविषयी माहीत होतेच.

परदेशी कात्री भाचीने धाकटीचीच म्हणून ठेवावी. मी ती परत मागितलेली नाही.

७. शेवटचे. मी गेल्यावर शाळेचा झेंडा अर्ध्यावर आणू नये.

माझ्या नावाने तो एकदा आणून झाला आहे. शोकसभा झाली, भाषण झाले, स्तब्धताही मी उभे राहून पाळली, कोणासाठी ते न कळता. त्या सकाळी माझी बहीण गेलेली होती आणि सगळ्या गावात तिच्यासाठी एकही माणूस थांबलेला नव्हता, असे मला पहिल्यांदा वाटले. मग आठवले, झेंडा थांबला होता. चुकीच्या नावाने, उलटा, आधी टोकाला न जाता. पण तिनेच शिवलेला झेंडा तिच्याचसाठी अर्ध्यावर उभा होता आणि खाली मी त्याच्याकडे बघत होते. सोमवारी सकाळी मामांनी आणि मी तो नीट रीतीने केला. आधी टोकापर्यंत, खिडकी वर, क्षणभर तिथे. मग अर्ध्यावर. दिवसभर.

माझ्या हक्काचा जो काही अर्ध्यावरचा झेंडा असेल, तो मी माझ्या इतर मिळकतीप्रमाणे, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने, माझ्या धाकट्या बहिणीला देते. तो चुकून माझ्या नावावर लागला होता. तो तिचाच आहे.

स्थळ: माझे खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: झेंडा नीट रीतीने अर्ध्यावर आणला त्याच सोमवारी, संध्याकाळी, तो उतरवून दोघांनी घडी घातल्यावर.

सही: (रेघबाई)
सही करताना हात हलला आहे. ती पुन्हा सरळ करून घ्यायला मला कोणी सांगू नये.

साक्षीदार पहिले: शाळेचे निवृत्त शिपाई, घंटामामा. बाईंनी हे आमच्यासमोर लिहिले व वाचून दाखवले. आरामखुर्ची मला नको होती, पण बाईंशी वाद घालून उपयोग नाही. सही.

साक्षीदार दुसरे: शेजारच्या इमारतीतील डॉक्टर. मृत्युपत्र करणारी व्यक्ती जिवंत असून पूर्ण शुद्धीवर आहे, हे मी नाडी पाहून प्रमाणित करतो. ती रडत आहे. त्यावर माझ्याकडे औषध नाही. सही.